पाहुण्याने भलतंच हरीण पाडलं तर

टेक्सासात नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा मुख्य मोसम सुरू होतो. ऑस्टिन-सॅन अँटोनियोच्या पश्चिमेला हिल कंट्रीत किंवा पूर्वेकडच्या ओकच्या रानात ज्या मराठी कुटुंबांनी जमीन घेतली आहे, त्यांना या सुमारास एक प्रश्न हमखास येतो. ऑफिसातला सहकारी, शेजारी, मुलाच्या कोचचा भाऊ, कोणी ना कोणी विचारतो, ‘हरणं आहेत ना तुमच्याकडे? एखादी सकाळ बसू का?’ या राज्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे, त्यामुळे शिकारीला जायचं तर बहुतेकांना कोणाची तरी ओळख काढावी लागते. आपण हो म्हणतो. आदल्या रात्री जेवू घालतो, पहाटे चहा देतो, मचाणापर्यंत सोडून येतो. सातच्या सुमारास बार ऐकू येतो. पाच मिनिटांनी फोन वाजतो आणि पलीकडचा आवाज जरा पडलेला असतो.

त्या फोनच्या आधी काय करायचं आणि नंतर काय, एवढ्यापुरताच हा लेख आहे. शिकार करावी की नाही हा वाद इथे नाही. ज्यांना आपल्या जमिनीवर ती नको आहे त्यांनी सरळ नाही म्हणावं. तिथे त्याचं कोणी वाईट वाटून घेत नाही.

पहिली गोष्ट जमीनमालकांना पचायला जड जाते. ज्या नराचे तुम्ही तीन वर्षं ट्रेल कॅमेऱ्यावर फोटो काढलेत, ज्याला मुलांनी नाव ठेवलं, तो तुमचा नाही. टेक्सासच्या कायद्यात रानटी जनावरं राज्याच्या जनतेची मालमत्ता आहेत. तुमची आहे ती फक्त जमीन, आणि तिच्यावर कोणाला कशासाठी पाऊल टाकू द्यायचं याची परवानगी. म्हणजे पाहुण्याने भलतं हरीण पाडलं तर त्याने तुमची वस्तू फोडलेली नसते, तुमच्या परवानगीची मर्यादा ओलांडलेली असते. मर्यादा आखून द्यायचं काम तुमचं होतं. ती धूसर ठेवून नंतर रागावण्यात अर्थ नाही.

आदल्या संध्याकाळी

‘लहान मारू नका हं,’ एवढी सूचना देऊन यजमान झोपायला जातो. इथेच निम्मी चूक होऊन गेलेली असते. ज्या माणसाने आयुष्यात चार नर पाहिलेत त्याला आठ टोकांची शिंगं दिसली की ते जनावर मोठंच वाटतं. पण अडीच वर्षांच्या नरालाही आठ टोकं असू शकतात. वय शिंगांवरून ठरवू नका, अंगावरून ठरवा, आणि पाहुण्यालाही तसंच शिकवा. दीड वर्षाचा नर म्हणजे डोक्यावर शिंगं बसवलेली मादीच: लांब पाय, बारीक मान, आत ओढलेलं पोट. साडेतीनच्या सुमारास मान भरते, पण मान कुठे संपते आणि छाती कुठे सुरू होते हे अजून दिसतं. पाच वर्षांच्या पुढे मान सरळ छातीत उतरते, पोट आणि पाठ खाली झुकते, पाय आखूड वाटायला लागतात. हे शब्दांत सांगून फारसा उपयोग नाही. स्वतःच्या कॅमेऱ्यातले फोटो काढा, जेवणानंतर टेबलावर मांडा आणि पाहुण्याकडून वदवून घ्या: हा चालेल, हा नाही, हा का नाही?

राज्याचा नियम तुमच्या नियमाच्या आधी येतो. टेक्सासात २५४ काउंट्या आहेत आणि त्यांपैकी शंभराहून अधिक काउंट्यांत शिंगांवर बंधन आहे. हा प्रयोग २००२ साली सहा काउंट्यांत सुरू झाला. कोवळे नर वाचावेत हा त्यामागचा हेतू. तिथे नर पाडायचा तर दोन शिंगांच्या मधलं आतलं अंतर निदान १३ इंच हवं, नाहीतर निदान एका बाजूचं शिंग न फुटलेलं, एकाच टोकाचं हवं. मचाणावर बसून कोणी टेप लावणार नाही. म्हणून कान बघायचे. हरणाने कान टवकारले की एका कानाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत साधारण १३ इंच भरतात. शिंगांच्या आतल्या कडा कानांच्या टोकांबाहेर दिसल्या तर ठीक. कान मागे पाडलेले असतील, हरीण तिरकं उभं असेल, तर थांबायचं. यात एक गंमत आहे: दीड वर्षाचा, न फुटलेल्या शिंगाचा नर कायद्यात बसतो आणि अकरा इंचांचा देखणा आठ टोकांचा बसत नाही. नवख्याला हे उलटं वाटतं, त्यामुळे दोनदा सांगा.

आता माद्यांचं. ‘तुम्ही नुसत्या माद्या घ्या’ ही सर्वांत सोपी परवानगी वाटते आणि तिथेच सर्वांत जास्त गफलत होते. सहा महिन्यांच्या नर पाडसाला शिंगं फुटलेली नसतात. कपाळावर कातडीखाली दोन गाठी असतात. शिकारी त्याला बटन बक म्हणतात. लांबून ते पाडस मादीच दिसतं. वाढलेल्या मादीचं डोकं कानांच्या मध्ये गोलसर असतं, नर पाडसाचं सपाट. मादीचं अंग लांबट, पाडसाचं चौकोनी. पण दृष्टीला सगळ्यात उपयोगी पडते ती तुलना. फीडरवर संध्याकाळी आधी एकटंच जे येतं ते पुष्कळदा नर पाडसच असतं. आई मागे झाडीत थांबून अंदाज घेत असते. म्हणून एकट्या हरणावर बार टाकायचा नाही, दुसरं शेजारी येऊन उभं राहीपर्यंत थांबायचं, असा नियमच करा. कायद्यात असं पाडस बिनशिंगी हरणातच धरतात, त्यामुळे गुन्हा होत नाही. तुमचा पुढचा नर मात्र जातो.

आणखी एक सूचना कोणी देत नाही आणि दिली नाही की एकाच्या जागी दोन हरणं पडतात. बार लागलेलं हरीण बऱ्याचदा जागेवर कोसळत नाही, झाडीत धावतं. तेवढ्यात तिथून तशाच चणीचं दुसरं बाहेर येतं. पाहुण्याला वाटतं, नेम चुकला, आणि तो पुन्हा चाप ओढतो. तेव्हा पहिल्या बारानंतर बंदूक खाली, फोन हातात. दुसरा बार यजमानाशी बोलल्याशिवाय नाही. तसंच लक्ष्याच्या मागे दुसरं हरीण उभं असेल तर थांबायचं. रायफलची गोळी पहिल्यातून आरपार जाऊन दुसऱ्यालाही घेते. कायदा सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढी मुभा देतो. ती पाहुण्यांना पूर्ण देऊ नये, असं माझं मत आहे. त्या शेवटच्या वीस मिनिटांत दुर्बिणीतून सगळंच मोठं दिसतं.

आणि कुंपण दाखवा, दिवसाउजेडी, गाडीतून फिरवून. गोळी हद्द ओलांडून गेली तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. जखमी हरीण शेजाऱ्याच्या रानात गेलं तर त्याची परवानगी घेतल्याशिवाय मागे जायचं नाही, मग ते दहा पावलांवर पडलेलं दिसत का असेना.

चितळाची गोष्ट वेगळी

हिल कंट्रीत जमीन घेतलेल्या मराठी माणसाला पहिला धक्का बसतो तो चितळ पाहून. ताडोबात गाडीतून पाहिलेलं जनावर इथे आपल्याच तळ्यावर पाणी पितंय! चितळ टेक्सासात १९३२ साली आणले गेले, काळवीटही त्याच सुमारास. कुंपणांतून निसटून ते मोकळ्या रानात पसरले. राज्याच्या लेखी ही परकी जनावरं. त्यांना बंद मोसम नाही, संख्येची मर्यादा नाही, फक्त शिकारीचा परवाना लागतो. भारतात ज्या जनावराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ते इथे जूनच्या भर उन्हात कोणीही मालकाच्या परवानगीने पाडू शकतो.

म्हणूनच ‘उन्हाळ्यात चितळाला या’ हे आमंत्रण जपून द्या. जून ते ऑगस्ट या काळात पांढऱ्या शेपटीच्या हरणांची पाडसंही ठिपक्यांची असतात. पाहुण्याने एवढंच लक्षात ठेवलेलं असतं की ठिपके म्हणजे चितळ. त्याने बंद मोसमात पाडस पाडलं तर ते तुमच्या घरच्या नियमाचं प्रकरण राहत नाही, सरळ कायद्याचं होतं. ठिपक्यांवर जाऊ नका. चितळाच्या गळ्यावर पांढरा पट्टा असतो, पाठीच्या कण्यावरून गडद रेघ जाते, शेपूट लांब आणि बारीक असते. पांढऱ्या शेपटीचं हरीण बिचकलं की शेपटीचा पांढरा फलकारा वर करतं. नरांमध्ये चितळाच्या शिंगाला बहुधा तीनच टोकं, शिंग उंच मागे गेलेलं. पांढऱ्या शेपटीच्या नराचं मुख्य शिंग पुढे वळतं आणि त्याच्यावरून टोकं उभी निघतात. फॅलो आणि सिका जातीची हरणंही या भागात आहेत आणि त्यांच्याही अंगावर ठिपके असू शकतात. शेजारच्या उंच कुंपणाच्या रँचवर बारशिंगा असेल तर पाहुण्याला त्याचा फोटो आवर्जून दाखवा. तो अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याखाली धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. तिथे ‘मला वाटलं…’ चालत नाही.

फोन आला की

आधी विचारा, बंदूक रिकामी केली का. मग सांगा, आहात तिथेच थांबा. ‘कोणतं पडलं?’ हा प्रश्न फोनवर नको. उत्तर तुम्हाला आवाजावरून कळलेलंच असतं, आणि पाहुणा जे पहिल्या मिनिटात बोलून बसतो तेच पुढे रेटत राहतो.

पोहोचल्यावर पहिली दोन मिनिटं गप्प राहणं हे कौशल्य आहे. जमिनीवर पडलेल्या हरणाची शिंगं मघाशी दिसली त्यापेक्षा लहान भासतात, हे पाहुण्याच्या लक्षात आलेलं असतं. तुम्ही वेगळं सांगायची गरज नसते. जनावर होतं तसं असतानाच फोटो काढा: पूर्ण अंग, डोकं समोरून, शिंगांच्या आतल्या बाजूने टेप लावून. परवान्यावरचा योग्य टॅग भरून लगेच लावायला सांगा. ‘आधी बघू काय करायचं ते, मग टॅग’ असं अजिबात नको. टॅग हरीण पडताक्षणी लावायचा असतो, आणि चुकलेल्या हरणाला टॅग नसणं हा चुकीवर केलेला गुन्हा. डोकं धडापासून तोडू नका. हरणांच्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या रोगामुळे नमुना देण्याचे आणि धड हलवण्याचे वेगळे नियम लागू असू शकतात. ते मोसमाआधीच पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाच्या संकेतस्थळावर पाहून ठेवा.

मग जबडा. अंग ताठरण्याआधी तोंड उघडा आणि टॉर्च मारा. खालच्या जबड्यात पुढचे दात संपले की मोकळी जागा येते, तिच्यामागे दाढांची रांग. रांगेतली तिसरी दाढ बघा. तिला तीन भाग असतील तर ती दुधाची, म्हणजे हरीण दीड वर्षाचं किंवा त्याहून लहान. दोनच भाग असतील तर ते दीड वर्ष ओलांडून गेलेलं. त्यापुढची चौथी दाढ: पांढऱ्या कडांपेक्षा मधला तपकिरी पट्टा रुंद झाला असेल तर साडेतीन किंवा पुढचं. हे तपासण्याचं कारण असं की कधीकधी यजमानच चुकलेला असतो. ज्याला तुम्ही तीन वर्षांचा समजून राखत होतात तो म्हातारा, शिंगं उतरणीला लागलेला नर निघतो. पाहुण्यावर रागावून झाल्यावर हे कळलं तर फार अवघड होतं.

मांस वाया घालवणं हाही टेक्सासात गुन्हा आहे. नोव्हेंबरात दुपारी इथे चांगलं ऊन असतं, तेव्हा बोलणी नंतर. आधी आतडी काढा आणि जनावर थंड करा. पाहुण्याला मांस नको असेल आणि हरीण कायदेशीर असेल, तर ‘हंटर्स फॉर द हंग्री’ उपक्रमातल्या मांसप्रक्रियेच्या दुकानात देता येतं. तिथून ते गरजूंसाठीच्या अन्नवाटपाला जातं.

हरीण कायद्याबाहेरचं असेल, म्हणजे अकरा इंचांचा नर, बंद मोसमातलं पाडस, कोटा संपल्यावरचं हरीण, तर एकच वाट आहे: त्या काउंटीच्या गेम वॉर्डनला स्वतः फोन करायचा, आणि तो पाहुण्यानेच करायचा. तुम्ही शेजारी उभे राहा. वॉर्डन सोडूनच देईल असं नाही. हरीण जप्त होऊ शकतं, दंड होऊ शकतो. अशा बहुतेक चुका क्लास सी गुन्ह्यात मोडतात, दंड २५ ते ५०० डॉलर; शिवाय जनावराची नुकसानभरपाई राज्य वेगळी वसूल करतं, आणि ती भरली नाही तर पुढचा परवाना मिळत नाही. पण आपणहून सांगणारा आणि पकडला गेलेला यांच्याकडे बघण्याची नजर वेगळी असते. पाहुणा ओक्लाहोमा किंवा लुइझियानाहून आलेला असेल आणि असं हरीण आइसबॉक्समध्ये घालून राज्याची हद्द ओलांडून गेला, तर १९०० सालच्या लेसी कायद्याखाली प्रकरण केंद्राकडे जाऊ शकतं. पाचशे डॉलरचं दुखणं कुठल्या कुठे जातं!

पाहुणा आपल्यातलाच असेल तर आणखी एक सांगायलाच हवं. एच-१बी, एल-१, एफ-१ यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मुळात मनाई आहे. त्यातला एक अपवाद म्हणजे वैध शिकारपरवाना. टेक्सासचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. गेल्या वर्षीचा परवाना खिशात ठेवून ‘जरा धरून बघतो’ म्हणणाऱ्या पुतण्याच्या हातात रायफल देऊ नका. मचाणावर सोडण्याआधी चालू वर्षाचा परवाना पाहा. आणि २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला असेल तर हंटर एज्युकेशनचा दाखलाही. अशा पाहुण्यावर गुन्हा नोंदवला गेला, तर दंड भरून मोकळं होण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलायला सांगा. रक्कम किरकोळ असली तरी फॉर्मवरचा प्रश्न किरकोळ नसतो.

दंड घ्यावा का?

हरीण कायदेशीर आहे, फक्त तुमच्या नियमात बसत नाही, अशी प्रकरणं बरीच असतात. इथे जगभर निरनिराळ्या रीती आहेत. स्कॉटलंडच्या डोंगराळ इस्टेटींवर पाहुण्याला एकटं सोडतच नाहीत. स्टॉकर बरोबर रांगत येतो, कोणतं ते दाखवतो आणि तो हो म्हणेपर्यंत चाप ओढायचा नसतो. जर्मनीत मोसमानंतर शिंगांचं प्रदर्शन भरवतात आणि पाडायला नको होतं त्या जनावराच्या शिंगांवर लाल ठिपका चिकटवतात. सगळ्या तालुक्यासमोर! अमेरिकी कॅम्पांत रोख दंड असतो, नाहीतर ‘मारलंत तर मढवा’ असा नियम: त्या लहानशा नराचं डोकं पाहुण्याने स्वखर्चाने मढवून भिंतीवर लावायचं.

मला रोख दंड पसंत नाही. पैसे भरण्याची ऐपत असलेल्या माणसाला ती किंमत वाटते. तो मनातल्या मनात हिशेब करून बार टाकतो. शिवाय टेक्सासात शिकारीसाठी मोबदला घेऊन जमीन देणाऱ्याला हंटिंग लीजचा परवाना लागतो, आणि पाहुण्याकडून पैसे घ्यायला लागलात की तुम्ही यजमान की भाडं घेणारे, हा प्रश्न अपघाताच्या जबाबदारीपर्यंत जातो. घ्यायचाच असेल तर दंड आदल्या संध्याकाळी सांगितलेला असावा, आणि तो तुमच्या खिशात न जाता फीडरच्या मक्याला किंवा एखाद्या संस्थेला जावा. भावजींकडून तर दंड घ्यायच्या भानगडीत पडूच नका. बहीण आयुष्यभर ऐकवेल. त्यांना पुढच्या खेपेला कुंपणाच्या तारा ओढायला बोलवा, दोन दिवस. मचाणं दुरुस्त करायलाही माणूस लागतोच.

शिक्षा ठरवताना एकच भेद पाहा. ज्याने स्वतः फोन करून ‘माझं चुकलं’ म्हटलं, त्याला हलकं सोडा. त्याचा राग सगळ्यांदेखत काढलात तर पुढचा पाहुणा फोन करणार नाही. तो हरीण ओढ्यात लोटून देईल आणि ‘नेम चुकला’ म्हणून सांगेल. मग तुमच्या रानात सडलेलं धड, आकाशात गिधाडं, आणि वाया घालवलेल्या जनावराचा गुन्हा. शिवाय तुम्ही मॅनेज्ड लँड्स डिअर प्रोग्रॅममध्ये असाल तर किती हरणं पाडली याचा हिशेब विभागाला द्यायचा असतो, तो खोटा ठरतो. लपवणाऱ्याला मात्र दुसरी संधी देऊ नका, मग तो कितीही जवळचा असो.

ज्याने सांगितलं त्याला पुढच्या वर्षी जरूर बोलवा, पण मचाणावर शेजारी बसा. ‘या वर्षी फक्त माद्या, आणि मी हो म्हटल्यावर’ एवढं आमंत्रणातच लिहा. फोटो मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे का, हेही त्याच्याशी ठरवून घ्या. तिथे शाकाहारी काकूही आहेत. आणि कोणी चितळाचं शिंग आठवण म्हणून सूटकेसमध्ये घालून पुण्याला न्यायचं म्हणाला, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. टेक्सासचा टॅग किंवा परवाना मुंबईच्या कस्टम्समध्ये दाखवून काही उपयोग नाही.